सेकंदकाकांनी वाचवलेला वेळ

सेकंदकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. ऑफिसात सेकंदकाका, शेजारीपाजारी सेकंदकाका, आणि बायको तर चारचौघांतसुद्धा "अहो सेकंद, इकडे या जरा" म्हणायची. काकांना त्यात काही वावगं वाटत नसे. मनातून बरंच वाटायचं, खोटं कशाला बोला! या माणसाला मोजायची खोड होती. लिफ्ट तळमजल्यावर यायला किती वेळ लागतो, चहाच्या पाण्यावर झाकण ठेवलं तर किती लवकर उकळी फुटते, बूट बसून घालणं लवकर होतं की उभ्याउभ्या, सगळं घड्याळ लावून पाहिलेलं. उभ्याउभ्या लवकर होतं म्हणे. त्या नादात एकदा कंबर धरली आणि तीन दिवस अंथरुणात गेले, ते मात्र त्यांनी मोजलं नाही. "या वाचवलेल्या सेकंदांचं काय लोणचं घालायचंय?" बायको विचारायची. काका नुसते हसायचे.

पण ती खोड हसण्यावारी न्यावी अशीही नव्हती. पंचविशीत काका यंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानात गोदाम सांभाळायला लागले. बोगद्यासारखी लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना छतापर्यंत कप्पे, तीनेक हजार तरी असतील. आधीचा माणूस काय करायचा, कुणी एखादा भाग मागितला की पहिल्या कप्प्यापासून डोकावत निघायचा. बाहेर गिऱ्हाईक पाय आपटतंय, आणि हा आत धूळ खात फिरतोय. काकांनी सहा महिने खपून प्रत्येक कप्प्यावर रंगाने नंबर घातला आणि कुठला भाग कुठल्या नंबरात, ते पाठ केलं. मग काय विचारता! गिऱ्हाइकाचं बोलणं पुरं व्हायच्या आत काका त्या कप्प्यासमोर उभे. दुकानाचा शेठ आल्यागेल्याला मनगटावरचं घड्याळ दाखवून म्हणायचा, "बघा हं आता." तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा काकांना वाटलं की आपल्याला काहीतरी येतं. शाळेत कधी वाटलं नव्हतं, घरी कुणी वाटू दिलं नव्हतं. माणूस अशा गोष्टीला धरून बसतो, आणि बसलाच तर त्याचं नवल नाही.

पुढे दुकानात कॉम्प्युटर आला, काका पुस्तकं वाचून तो शिकले, आणि चाळिशी ओलांडल्यावर वेबसाइटी बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात लागले. सायकलींच्या दुकानावरची एकच खोली, चार टेबलं, नीट न लागणारी खिडकी. तिथे त्यांना कळलं की कॉम्प्युटरमधल्या यादीचीही गत त्यांच्या गोदामासारखीच असते. यादीत एखादी गोष्ट आहे का हे बघायचं तर एक तऱ्हा अशी की पहिल्यापासून एकेक चाळत जायचं. दुसरी अशी की प्रत्येक गोष्टीला आधीच नंबर देऊन ठेवायचा आणि थेट त्या नंबराला विचारायचं. यादी दहाची असो नाहीतर दहा लाखांची, थेट विचारलं की उत्तर चुटकीसरशी. काकांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. घरी येऊन त्यांनी बायकोला ताटं मांडता मांडता सगळं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही कॉम्प्युटरच्या आधीपासून कॉम्प्युटर होतात." हे वाक्य काकांनी पुढे पुष्कळांना ऐकवलं.

आता ते सत्तावन्नचे होते. ऑफिसचा मालक त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. तो त्यांना काका म्हणायचा, ते त्याला अरेतुरे करायचे. नवीन येणारी माणसं नव्या नव्या गोष्टी शिकून यायची, काकांना त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण वेग? त्यात काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणाचं पान उघडायला वेळ लागला की अजूनही हाक काकांनाच. ती हाक अलीकडे जरा कमी झाली होती, आणि ते काकांना डाचत होतं. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. या ठिकाणी मात्र सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्याच्यातूनच आलं.

ऑफिसकडे एका नेत्र रुग्णालयाची वेबसाइट होती. पेशंटने आपला नोंदणी नंबर घालायचा, की शस्त्रक्रियेची तारीख दिसायची. आत एक मोठी यादी, नंबराखाली नंबर आणि त्याच्यासमोर तारीख. यादीला थेट विचारायलाही दोन शब्द असतात. काकांनी पूर्वी वापरलेला शब्द लांबलचक आणि रीतसर. दुसरा आखूड, प्रोग्रामर लोक त्याला 'इसेट' म्हणतात, आणि तो जास्त चपळ आहे असं काकांनी कुठेतरी वाचलं. वाचलेल्यावर विश्वास ठेवतील ते काका कसले! त्यांनी एक खोटी यादी केली, तिच्यात लाखभर नंबर घातले, प्रत्येकासमोर एकेक तारीख घातली आणि दोन्ही शब्दांना एकेक कोटी वेळा तोच प्रश्न विचारला. लांब शब्दाला अर्धा सेकंद लागला. आखूड शब्दाला पाव.

निम्मा वेळ! काकांनी तीनदा मोजलं, तीनदा तेच. त्यांनी त्याचा तक्ता काढून भिंतीला चिकटवला. मालक म्हणाला, "काका, चाललंय ते चालू द्या ना. कुणाची तक्रार आहे का?"

"तक्रार यायची वाट बघायची का?" काका म्हणाले, आणि सोमवारी सकाळी त्यांनी रुग्णालयाच्या पानावरचा शब्द बदलून टाकला.

मंगळवारी फोनवर बसणारी मुलगी दाढ दुखते म्हणून आली नव्हती. फोन वाजला तो काकांनीच उचलला. पलीकडे एक बाई, वयस्कर, पण आवाज खणखणीत.

"मी रफूचं काम करते. कोटाला, शालीला भोकं पडतात ना, ती धाग्याला धागा जुळवून बुजवते. माझ्या उजव्या डोळ्याचं बुबुळ बदलायचंय. नंबर लावून चौदा महिने झाले. रोज सकाळी मी भिंग धरून पान बघते. परवापर्यंत यायचं, 'आपला नंबर यादीत आहे, तारीख कळवू.' कालपासून येतंय, 'हा नंबर यादीत नाही.'"

काकांनी नंबर विचारला, पान उघडलं, घातला. यादीत नाही.

"नाही आहे, बाई."

"असं कसं? परवा होता."

"आकडा चुकत असेल तुमचा."

"आकडा माझा पाठ आहे हो."

काका त्या दिवशी खुशीत होते, आणि खुशीतला माणूस समोरच्याचं अर्धंच ऐकतो. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला नीट दिसत नाही म्हणूनच तर नंबर लावलात ना? मग आधी तरी काय दिसलं असेल कुणास ठाऊक. मशीन चुकत नाही, माणूस चुकतो. तुम्ही असं करा, नव्याने नोंदणी करा. खाली बटण आहे."

मग बाई म्हणाल्या, "माझंच काही चुकत असेल मग," आणि फोन ठेवला. अडीच मिनिटांत काम निपटलं म्हणून काकांना समाधानच वाटलं.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला रुग्णालयातून सिस्टरचा फोन आला. प्रतीक्षायादी सांभाळणाऱ्या या सिस्टर बोलायला फटकळ. "काय हो, बुबुळाच्या यादीतल्या अकरा जणांनी चार दिवसांत पुन्हा नोंदणी केलीय. अकराच्या अकरा एकदमच विसरले का? जुन्या फोन नंबरावर नवी नोंदणी झाली की तुमची वेबसाइट नोंदणीची जुनी तारीख पुसते. वर्षवर्षभर थांबलेली माणसं शेपटाला जाऊन बसलीत माझ्या यादीत!"

"बघतो," काका म्हणाले, पण बघायला लागायच्या आधीच त्यांना कळलं होतं.

मोतीबिंदूच्या पेशंटला नोंदणीबरोबरच तारीख मिळते. बुबुळाच्या पेशंटला मिळत नाही. कुणीतरी मरणानंतर डोळे दिले, तर बुबुळ येणार. ते केव्हा येईल हे कोण सांगणार? म्हणून यादीत त्या शेदीडशे माणसांचे नंबर होते आणि त्यांच्यासमोरची जागा कोरी होती. काकांचा जुना, लांबलचक शब्द विचारायचा, "या नंबराचा कप्पा आहे का?" नवा आखूड शब्द विचारत होता, "या कप्प्यात काही आहे का?" कप्पा रिकामा दिसला की तो सरळ 'नाही' म्हणून मोकळा. आणि काकांनी मोजताना जी यादी घेतली होती तिच्यात एकही जागा कोरी नव्हती. वेग मोजायचा होता ना! कोऱ्या जागांची आठवण कशाला होतेय?

गोदामात असे रिकामे कप्पे कायम असायचे. वर नंबर, आत काही नाही, कारण माल यायचाय. असा भाग मागायला कुणी आलं तर काका म्हणायचे, "आहे आपल्याकडे, आठ दिवसांनी या." असला भाग आपण ठेवतच नाही, असं त्यांनी एकदाही कुणाला सांगितलं नव्हतं. हे ज्याला तेव्हा कळत होतं, त्याला आता का कळू नये? काकांनी डोक्याला हात लावला तो बराच वेळ तसाच राहिला.

मग त्यांनी न राहवून आणखी एक आकडेमोड केली. पान उघडलं की हा प्रश्न विचारला जातो एकदाच. म्हणजे चार कोटी माणसांनी आपापला नंबर पाहिला असता, तर सगळ्यांचा मिळून एक सेकंद वाचला असता. काका उठले, तक्ता भिंतीवरून ओढून काढला. त्याचा एक कोपरा चिकटपट्टीला तसाच राहिला.

शब्द मागे फिरवायला एक मिनिट लागलं. रोज जुनी यादी जपून ठेवलेली असायची, तिच्यावरून अकराही जणांच्या नोंदणीच्या मूळ तारखा तासाभरात परत जागेवर बसल्या. मालकाने सुटकेचा श्वास सोडला. "झालं ना काका? मिटलं. सिस्टरना सांगू, तांत्रिक अडचण होती. आता उगाच कुणाला फोनबिन करत बसू नका."

"दहा जणांचं मिटलं," काका म्हणाले.

कारण काल, गुरुवारी, दोन बुबुळं आली होती. सोमवारी यादीत दुसरा नंबर रफूवाल्या बाईंचा होता. मंगळवारी त्यांनी काकांचं ऐकलं आणि त्या एकशे त्रेचाळीसाव्या झाल्या. पहिलं बुबुळ पहिल्याला गेलं, दुसरं तिसऱ्याला. तो एक शाळामास्तर होता, काल संध्याकाळी त्याची शस्त्रक्रिया झालीसुद्धा. बिचाऱ्याचा काय दोष! बाई आता यादीत पहिल्या होत्या. पण पुढचं बुबुळ उद्या येईल की सहा महिन्यांनी, हे सिस्टरही सांगू शकत नव्हत्या.

"त्यांना काहीच माहीत नाही काका," मालक हळू आवाजात म्हणाला. "आणि कळणारही नाही."

"तेच तर," काका म्हणाले, आणि नोंदणीतला पत्ता एका कागदावर उतरवून घेतला.

पत्ता एका लॉन्ड्रीचा होता. पुढे इस्त्रीचं टेबल, वाफ, टांगलेले कपडे; मागच्या बाजूला खिडकीशी एक छोटं टेबल, ते बाईंचं. टेबलावर वाकवता येणारा दिवा, रंगवार लावलेल्या धाग्यांच्या गुंड्या, लाकडी गोल चौकटीत ताणून बसवलेली एका कोटाची बाही. पण बाई रफू करत नव्हत्या. गुंड्या एकेक करून खोक्यात भरत होत्या. पासष्टीच्या असाव्यात. उजव्या डोळ्यावर दुधासारखी साय आलेली, डावा बारीक करून त्या काकांकडे बघू लागल्या.

"कपडे पुढे द्या. मी नवीन काम घेत नाही आता."

"मी कपडे द्यायला नाही आलो. वेबसाइटच्या ऑफिसातून आलोय."

बाईंचा हात गुंडीवर थांबला. त्यांनी पायाने एक स्टूल पुढे सरकवलं.

काकांनी सांगितलं. यादीचं सांगितलं, कोऱ्या जागेचं सांगितलं, दोन शब्दांचं सांगितलं. वाटेत ठरवून आले होते की अवघड करून सांगायचं नाही. गुरुवारच्या दोन बुबुळांचंही सांगितलं. तिथे आल्यावर बाईंनी खाली मान घातली आणि कोटाच्या बाहीवरून बोट फिरवत राहिल्या.

"म्हणजे काल माझा नंबर होता."

"होता."

"आणि तो शब्द तुम्ही कशाला बदललात?"

"लवकर व्हावं म्हणून."

"उशीर होत होता का?"

"नाही," काका म्हणाले. लाज वाटली. याला दुसरा शब्द नाही. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"बरं. शब्द बदलला, चूक झाली," बाई म्हणाल्या. "आणि फोनवर मला बोलले ते कोण?"

काकांच्या ओठांवर आलं होतं, ऑफिसात कुणीतरी असेल, माणसं बदलतात. इथपर्यंत येऊनही आलं होतं, बघा!

"मीच," ते म्हणाले.

"हं. स्टुलावर बसायच्या आधीच ओळखला मी आवाज." बाईंचा स्वर चढला नव्हता, पण गोडही नव्हता. "बुबुळाचं काय, नशिबात असेल तेव्हा येईल. चौदा महिने थांबले, आणखी थांबेन. पण त्या फोननंतर मी माझ्या मुलीला फोन केला. म्हटलं, अगं, माझा नंबरच नाही म्हणतात यादीत. ती म्हणाली, आई, तू चौदा महिने रोज काय बघत होतीस मग? मी म्हटलं, मला दिसायचा. ती म्हणाली, तुला दिसतं कुठे? मग तिला आठवायला लागलं, मागे मी गॅस चालू ठेवला होता, कुठल्या गिऱ्हाइकाची शाल दुसऱ्याला दिली होती. चाळीस वर्षांत एक शाल! पण तिचं पक्कं झालं की आईच्या डोळ्यांबरोबर आईचं डोकंही चाललं. रविवारी टेम्पो घेऊन येतेय ती. टेबल आवरायचं, आणि मी तिच्याकडे जाऊन राहायचं." त्यांनी हात झटकला. "तिचं सोडा हो. माझंही पक्कं झालं होतं. चार दिवस मी सुईला हात लावला नाही. म्हटलं, जो नंबर पाठ आहे तोच खोटा, तर हाताचा तरी काय भरवसा?"

काकांनी खोक्यातली एक गुंडी उचलून परत टेबलावर ठेवली.

"माफी मागायला आलात ना?"

"हो."

"मग माझी नका मागू." बाईंनी टेबलाच्या खणातून फोन काढला, चाचपत एक बटण दाबलं आणि तो काकांच्या हातात दिला. "तिला सांगा."

घंटी वाजत होती. काकांना पळून जावंसं वाटलं. पलीकडून घाईतला आवाज आला, "हं आई, बोल, मी कामात आहे."

"मी आई नाही," काका म्हणाले. "मी रुग्णालयाच्या वेबसाइटचं काम करणारा माणूस. तुमच्या आईंचा नंबर यादीत होता. पहिल्या दिवसापासून होता. त्यांना जे दिसत होतं ते बरोबर होतं. चूक माझी होती, आणि फोनवर त्यांना खोटं पाडलं तेही मीच."

पलीकडे काही सेकंद शांतता. किती सेकंद, ते काकांनी मोजलं नाही. मग ती म्हणाली, "अहो, मी तिला फार बोलले हो त्या दिवशी." आणि लगेच, "आईला द्या ना फोन."

काकांनी फोन पुढे केला. बाईंनी घेतला नाही. त्या तोंड खिडकीकडे करून बसल्या होत्या आणि डोळ्याला पदर लावून, जरा दमाने, म्हणाल्या, "परत एकदा सांगा तिला. सावकाश सांगा. घाईत ऐकलंय तिने."

काकांनी फोन पुन्हा कानाला लावला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.